डॅश हे कोणाचे नाव?

एप्रिल महिन्यातल्या एका दुपारी नवी मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी डेटाबेस या विषयाच्या तोंडी परीक्षेसाठी एक्स्टर्नल, म्हणजे बाह्य परीक्षक, म्हणून गेले होते. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर नेहमीप्रमाणे चपला-बुटांचा ढीग पडलेला होता. संगणकाला धूळ चालत नाही, हा पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा नियम बांधकामांच्या धुळीत बुडालेल्या या शहरात अजूनही श्रद्धेने पाळला जातो. आत एसीचा बोचरा गारवा होता, ओळीने मांडलेले पडदे होते आणि माझ्यापुढे खाकी कव्हर घातलेल्या जर्नलांची चवड होती. त्यांतल्या काहींना ताज्या खळीचा वास येत होता, म्हणजे सबमिशन आदल्या रात्रीच पूर्ण झाले होते. चहा आला, वेफर्स आले, आणि मुले एकामागून एक येऊन प्रायमरी की म्हणजे काय, जॉइनचे प्रकार किती, ही उत्तरे पाण्याचा घोट घ्यावा तशी सहज देऊन जाऊ लागली. सतराव्या की अठराव्या क्रमांकावर ती मुलगी आली. तिच्या जर्नलमधल्या ‘विद्यार्थी’ या टेबलमध्ये पहिले नाव आणि आडनाव यांच्यापुढे ‘नॉट नल’, म्हणजे हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही, अशी अट लिहिलेली होती. मधल्या नावापुढे मात्र काहीच नव्हते. पत्त्याच्या रकान्याच्या इंग्रजी नावात एक ‘आर’ जास्त पडला होता, तो मला ताबडतोब दिसला, पण त्याबद्दल मी बोलले नाही. त्याचे कारण पुढे येईल.

परीक्षा इंग्रजीत घ्यायची असली, तरी आमच्या ठाण्या-नवी मुंबईकडच्या तोंडी परीक्षा दोन प्रश्नांनंतर आपोआप मराठीत किंवा हिंदीत उतरतात. “मधल्या नावाला नॉट नल का नाही लावलंस?” मी विचारले. “मॅडम, सगळ्यांना ते नसतं,” ती म्हणाली. यावर मी, वीस वर्षे हा विषय शिकवणारी बाई, जराही न थांबता म्हणाले, “मग तिथे डॅश टाकायचा.” तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि अगदी सरळ, कसलाही उद्धटपणा नसलेल्या आवाजात विचारले, “पण मॅडम, डॅश हे कोणाचं नाव?” शेजारी बसलेले इंटर्नल हसले, मीही हसले, पुढचा प्रश्न विचारला, २५ पैकी १९ गुण मांडले आणि हाक मारली, “नेक्स्ट.”

संध्याकाळी तुर्भ्याहून ठाण्याची गाडी पकडली तेव्हा ते वाक्य सोबत आले. ऐरोलीला गळ्यात ओळखपत्रे लटकवलेली मंडळी लोंढ्याने चढली आणि डब्यात उभे राहायलाही जागा उरली नाही. त्यांच्यातली बरीचशी अशाच कुठल्यातरी थंड खोलीत, अशाच कोणा एक्स्टर्नलपुढे बसून उत्तीर्ण झालेली असणार, आणि आज कोणत्या तरी बँकेचे, रुग्णालयाचे, शाळेचे टेबल त्यांच्या हातांनी बनत असणार, असे माझ्या मनात आले. पारसिकच्या डोंगरावर शेवटचे ऊन होते. माझी चूक नेमकी काय झाली, हे मला अजून शब्दांत सांगता येत नव्हते; मी दिलेला सल्ला तर सर्रास दिला जातो, आणि तो पाळला तर प्रोग्रॅम चालतोही.

आमच्या अभ्यासक्रमात प्रोग्रॅमिंगची भाषा एका तासाला शिकवतात आणि डेटाबेस दुसऱ्या. नल हा शब्द दोन्हीकडे येतो आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ निराळा असतो, परंतु हे सांगण्याची जबाबदारी कोणाचीच नाही, कारण सी शिकवणाऱ्याला वाटते की ते डेटाबेसवाला सांगेल आणि डेटाबेसवाल्याला वाटते की मुलांना नल तर पहिल्या वर्षीच कळला आहे. सी भाषेत नल म्हणजे संगणकाच्या स्मृतीतल्या कोणत्याही जागेकडे बोट न दाखवणारा पॉइंटर. असे दोन पॉइंटर एकमेकांशी ताडून पाहिले, तर ते समान निघतात. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, नल म्हणजे ठाऊक नसलेली गोष्ट, आणि तिथे ‘नल बरोबर नल का?’ असे विचारले, तर उत्तर खरेही येत नाही आणि खोटेही येत नाही; ‘अज्ञात’ असे तिसरेच येते. दोन माणसांचे पत्ते मला माहीत नसतील, तर ती एकाच घरात राहतात का, या प्रश्नाला मी ‘हो’ कसे म्हणणार आणि ‘नाही’ तरी कसे म्हणणार? सीमधून आलेली मुले हमखास ‘जिथे कमिशन बरोबर नल’ अशी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहितात, आणि समोर नलने भरलेले टेबल दिसत असूनही यंत्र थंडपणे सांगते, ‘नो रोज सिलेक्टेड’, एकही ओळ सापडली नाही. मग आम्ही त्यांना ‘बरोबर’च्या जागी ‘इज’ लिहायला सांगतो, ती लिहितात, ओळी येतात आणि गोष्ट तिथेच संपते. बरोबर आणि इज यांच्यामध्ये केवढी दरी आहे, हे पाहायला कोणी थांबत नाही. तसे पाहिले, तर प्रोग्रॅमिंगकडचा नलही काही निष्पाप नाही. टोनी होअर या संगणकशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेसाठी काम करताना तो आणला, कारण तो आणणे फार सोपे होते, आणि २००९ मधल्या एका भाषणात त्यांनी स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. जावा शिकणाऱ्या मुलांना ती चूक पहिल्या काही आठवड्यांतच लाल अक्षरांतल्या त्रुटीसंदेशात भेटते. (आमच्या वर्गात नगरहून आलेला एक मुलगा शेवटपर्यंत ‘नळ’ म्हणत असे. पाणीकपातीच्या दिवसांत वसतिगृहातली मुले त्याला विचारत, “काय रे, आज नळ की नॉट नळ?”)

मी स्वतः हे शिकले ते १९९८ साली. सीची ओळख त्याआधी नौपाड्यातल्या एका क्लासमध्ये, टर्बो सीच्या त्या गडद निळ्या पडद्यावर झाली होती. त्या पडद्यावरची पिवळी अक्षरे घरी डोळे मिटल्यावरही दिसत. डेटाबेस मात्र ऑरॅकल या कंपनीच्या त्याच नावाच्या सॉफ्टवेअरवर शिकलो. लॉगिनचे नाव स्कॉट, पासवर्ड टायगर. हा स्कॉट म्हणजे त्या कंपनीतला सुरुवातीच्या काळातला एक कर्मचारी, ब्रूस स्कॉट, आणि टायगर हे मांजराचे नाव, हे आम्हाला फार उशिरा कळले. आत शिरले की एम्प नावाचे टेबल असे आणि त्यात १४ माणसे. माझ्या वयाच्या कोणत्याही संगणक अभियंत्याला विचारा, स्वतःच्या वर्गातली १४ नावे त्याला आठवणार नाहीत, पण किंग, ब्लेक, क्लार्क, जोन्स, स्मिथ यांची नावे तो घडाघडा सांगेल. किंगचा पगार ५००० आणि तो प्रेसिडेंट. कमिशन फक्त चार विक्रेत्यांना: ॲलनला ३००, वॉर्डला ५००, मार्टिनला १४०० आणि टर्नरला शून्य. बाकीच्या दहा जणांच्या रकान्यात नल. टर्नरचे ते शून्य आणि स्मिथचा नल यांत फरक काय, हे आमच्या सरांनी एक अख्खा तास घालवून शिकवले. टर्नर कमिशनवर काम करणारा माणूस आहे, बिचाऱ्याला काही मिळाले नाही. स्मिथ कारकून आहे, त्याच्या बाबतीत कमिशन हा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून कमिशनची सरासरी काढली, की २२०० ला चारने भागून ५५० येतात. चौदाने भाग जात नाही. टर्नर मोजला जातो, स्मिथ मोजला जात नाही.

मग सरांनी फळ्यावर एक क्वेरी लिहिली: जे कोणाचेही मॅनेजर नाहीत अशांची नावे द्या. साधी गोष्ट होती. मॅनेजरच्या रकान्यातले क्रमांक घ्यायचे आणि ज्यांचा क्रमांक त्या यादीत नाही, त्यांची नावे काढायची. अशी माणसे आठ आहेत, हे आम्ही बोटांवर मोजून ठेवले होते. क्वेरी चालवली आणि पडद्यावर एकही नाव आले नाही. वर्गात कुजबुज झाली, कोणी तरी अर्धविराम राहिला का ते पाहिले. सर हसत उभे होते. “किंगचा मॅनेजर कोण?” त्यांनी विचारले. मागच्या बाकावरून उत्तर आले, “परमेश्वर.” सर म्हणाले, तेवढेच, तिथे नल आहे, आणि यादीत एक जरी अज्ञात असेल, तर स्मिथ त्या यादीत नाहीच, असे यंत्र छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कारण तो अज्ञात माणूस स्मिथही असू शकेल. जे यंत्राला खात्रीने सांगता येत नाही, ते ते सांगत नाही.

एका रिकाम्या चौकोनाने आठ माणसे गिळली होती.

त्या दिवशी घरी येऊन मी हे बाबांना सांगितले. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये होते; कामगारांचे मस्टर लिहिणे हे त्यांचे काम. संगणकाशी त्यांचा संबंध नव्हता, परंतु रिकाम्या चौकोनाचे त्यांना मुळीच नवल वाटले नाही. त्यांनी महिनाअखेरीला घरी आणलेल्या एका कच्च्या कागदावर मला दाखवले. हजर असेल तर पी, गैरहजर असेल तर ए, साप्ताहिक सुट्टी लाल शाईने. कोणी काम सोडून गेला, की त्या तारखेपासून महिनाअखेरपर्यंत पट्टी धरून एक आडवी रेघ. आणि चौकोन नुसताच मोकळा असेल, तर त्याचा अर्थ एवढाच, की बाबांना अजून माहिती मिळालेली नाही, खात्यातून चिठ्ठी यायची आहे, चौकशी करायला हवी. पगारवाटपाच्या आदल्या दिवशी मोकळा चौकोन राहिला, तर बाबांना जेवण जात नसे. रेघेचे चौकोन शंभर असले, तरी त्यांना त्याचे काही वाटत नसे. त्यांच्या बोटांना कायम असलेला निळ्या शाईचा वास आणि त्या जाड वहीची कापडी बांधणी मला अजून आठवते. ठाण्यातल्या त्या कारखान्यांच्या जागी आता काचेच्या इमारती आल्या आहेत, आणि त्यांच्यातही हजेरी लागते, ती बोटाच्या ठशाने.

बाबांनी जे पट्टी धरून केले, तेच करावे असे डेटाबेसच्या जनकालाही अखेरीस वाटले होते, हे मला खूप पुढे, स्वतः शिकवू लागल्यावर कळले. एडगर कॉड यांनी आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत असताना जून १९७० मध्ये जो निबंध छापला, त्यावर आमचा सगळा विषय उभा आहे. त्याच प्रयोगशाळेतल्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये त्यातून सीक्वेल नावाची भाषा काढली, ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे तिचे नाव एसक्यूएल झाले, आणि नल तिच्यात राहिला तो एकच, सगळ्या रिकामेपणाला मिळून एक. कॉड यांना ते पुरेसे वाटले नाही. १९९० मध्ये आलेल्या पुस्तकात त्यांनी दोन निराळ्या खुणा मांडल्या: एक, जी गोष्ट आहे पण आपल्याला ठाऊक नाही तिच्यासाठी, आणि दुसरी, जी गोष्ट त्या माणसाला लागूच पडत नाही तिच्यासाठी. स्मिथचे कमिशन दुसऱ्या प्रकारचे. पत्ता राहून गेलेल्या विद्यार्थ्याचा रकाना पहिल्या प्रकारचा. व्यवहारात हे कोणी उचलले नाही, कारण मग खरे-खोटे-अज्ञात यांच्या जोडीला उत्तराचा चौथा प्रकार येतो आणि तिसऱ्यालाच लोक घाबरलेले असतात. क्रिस डेट यांच्यासारखे जाणकार तर म्हणत आले, की नल हवाच कशाला, तो मुळातच काढून टाका. मला दोघांचेही पटते, हीच माझी अडचण आहे. वर्गात मी हा खरे-खोटे-अज्ञात असा ‘त्रिमूल्य तर्क’ पाच गुणांना शिकवते आणि पुढे जाते.

मधले नाव ही तर आपल्याकडची खास गंमत आहे. हा रकाना फॉर्मवर एकच दिसतो, पण लग्नापूर्वी त्यात बाईच्या वडिलांचे नाव असते आणि लग्नानंतर बहुधा नवऱ्याचे, म्हणजे एकाच रकान्यात दोन वेगळी नाती, आणि कोणते नाते ते ठरणार भलत्याच ठिकाणच्या माहितीवरून. मुलांनी असे टेबल काढून आणले, तर मी लाल पेनाने खूण करते, की एका रकान्याला एकच अर्थ हवा. मात्र माझ्या पदवीवर बाबांचे नाव आहे, पॅनकार्डावर नवऱ्याचे, आणि गृहकर्जाच्या वेळी या दोन्ही बायका एकच आहेत असे प्रतिज्ञापत्र करण्यासाठी मी भर उन्हात ठाण्याच्या न्यायालयाबाहेरच्या टंकलेखकापुढे स्टुलावर बसले होते. त्याने मान वर न करता विचारले, “खरं नाव कुठलं लिहू?” मी दोन्ही सांगितली. त्याने ‘ऊर्फ’ टाकले. ऊर्फ हा शब्द चोर-दरोडेखोरांच्या बातम्यांतच वाचलेला होता, तो स्वतःच्या नावामध्ये पाहताना हसू आले आणि थोडे अपमानितही वाटले. अशी मी, त्या मुलीला सांगते, की डॅश टाक.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये ठरवले, की १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव अशी नोंद सरकारी कागदपत्रांत करायची. बातमी वाचली तेव्हा आई म्हणून आनंद झाला आणि शिक्षिका म्हणून लगेच दुसरीच शंका आली. भरलेल्या टेबलमध्ये नवा अनिवार्य रकाना घालायचा म्हटले, की ऑरॅकल सरळ नकार देतो. त्याचा संदेशच असा आहे, की असा रकाना जोडायचा असेल तर टेबल रिकामे हवे. जुन्या ओळींमध्ये काय भरायचे, ते आधी सांगा, असे त्याचे म्हणणे असते. सरकारने त्यावर तारखेचा तोडगा काढला आणि जुन्या ओळींना हात लावला नाही, तो डेटाबेस प्रशासकाला शोभेल असाच. शिवाय अनाथ मुलांसाठी अपवाद ठेवला. तो अपवाद वाचताना, नॉट नल हे दोन शब्द टंकायला दोन सेकंदही लागत नाहीत, आणि ते टंकताना अपवाद कोणाचा असेल हा विचार मी किती वेळा केला असेल, ते मोजण्याचा मी प्रयत्न केला. उत्तर शून्य आले. टर्नरचे शून्य, स्मिथचा नल नव्हे. हा प्रश्न मला लागू होता.

त्या दिवशी गुणपत्रकावर सही करताना मी तिचे नाव पुन्हा पाहिले होते. आमच्या विद्यापीठाच्या कागदांवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे असे चार शब्द येतात. तिच्या ओळीत तीनच होते. मधे मोकळी जागा नव्हती, रेघ नव्हती, शब्द एकापुढे एक नीट बसलेले होते. ऑरॅकलमध्ये नाव जोडताना मधला भाग नल असेल, तर तो गुपचूप गळून पडतो आणि उरलेले शब्द एकमेकांना चिकटतात. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये शब्द जोडायला कॉन्कॅट वापरले, तर एका नलपायी अख्खे नावच नल होऊन बसते. तिच्या बाबतीत काय गळले होते, का गळले होते, की मुळात तिने स्वतःच तसे लिहिले होते, हे त्या तीन शब्दांवरून सांगता येत नव्हते. ‘आहे पण ठाऊक नाही’ की ‘लागूच नाही’, कॉड यांच्या दोन खुणांपैकी कोणती, हे मला माहीत नव्हते, आणि विचारण्याचा अधिकारही मला नव्हता. इंटर्नल चहाचा दुसरा कप मागवत होते. मी सही केली.

आता तो जास्तीचा ‘आर’. आठ वर्षांपूर्वी आमच्या विभागासाठी प्रयोगांची पुस्तिका मी लिहिली होती. सबमिशनच्या तोंडावर रात्री बसून घाईने टंकलेली, त्यामुळे दुसऱ्या प्रयोगात पत्त्याच्या रकान्याचे स्पेलिंग चुकले आणि ते कोणाच्याच लक्षात आले नाही. ती पीडीएफ मग या कॉलेजातून त्या कॉलेजात, एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे फिरत राहिली. बाह्य परीक्षक म्हणून मी जिथे जाते, तिथे बहुतेक जर्नलांमध्ये तो ‘आर’ मला भेटतो. कोणी छापून चिकटवलेला, कोणी सुंदर अक्षरात उतरवून काढलेला. कॉपी करणाऱ्यांवर रागवायचे तर आधी मूळ प्रत कोणाची ते सांगावे लागेल, म्हणून मी गप्प बसते. पुस्तिकेतल्या त्या टेबलमध्ये तिन्ही नावांपुढे नॉट नल आहे. म्हणजे त्या मुलीने सगळे माझे उतरवून घेतले होते, चुकीच्या स्पेलिंगसकट, आणि दोन शब्द तेवढे वगळले होते. माझ्या विद्यार्थ्यांपैकी आठ वर्षांत कोणी तिथे हात लावल्याचे मला आठवत नाही.

जुलैमध्ये नवे सत्र सुरू होण्याआधी मी ती फाइल उघडली. मधल्या नावापुढचे नॉट नल काढले. मग आडनावापुढचेही काढावे का, यावर बराच वेळ घुटमळले, कारण दक्षिणेकडच्या कितीतरी विद्यार्थ्यांना आपल्या अर्थाचे आडनाव नसते आणि ते बापडे आद्याक्षर लांबवून तिथे भरतात. शेवटी तेही काढले. खाली एक ओळ वाढवली: कोणते रकाने रिकामे राहू शकतात आणि का, ते प्रत्येकाने स्वतः ठरवून लिहावे. विभागातल्या तरुण सहकाऱ्याने ती वाचून रास्त शंका काढली, “मॅडम, प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं तर टर्मवर्कचे मार्क कसे द्यायचे?” मला त्याचे उत्तर देता आले नाही. त्याला म्हणाले, पाहू, पहिली बॅच तर येऊ दे.

पत्त्यामधला जास्तीचा ‘आर’ मी तसाच ठेवला आहे. नवी प्रत कुठवर पोहोचते, ते एप्रिलमध्ये कळेल.